पोत्यांमागची तार

मोहाडी, १२ नोव्हेंबर २०२४

विनोद,

तू तिकडे बरा असशील असं धरून चालते.

फोन असताना आई पत्र काहून लिहून राहिली, असं तुले वाटन. फोनवर बोलायले घरात जागा नाही. मोना असते, नाही तर तुझे बाबा असतात, अन् त्यांले मोनाविरुद्ध एक शब्द चालत नाही. म्हणून बाजाराच्या पिशवीत कागद घेऊन आली आणि पोस्टाच्या पायरीवर बसून लिहून राहिली. मी बोलते तसंच लिहिते, चुका काढू नको.

धान कापून झाला, मळणीचं चुरणंही झालं. ह्या वर्षी तू नव्हतास. मागच्या वर्षीच्या दिवाळीले हैदराबादच्या त्या विमानाच्या सामानाच्या दुकानात कामाले गेलास तो गेलासच. सुट्टी भेटत नाही म्हणतोस, मी मानते. पण तुझी बायको इथं काय करून राहिली ते तुले कळलं पाहिजे.

तुलाराम शेठनं एक जुनं विमान आणून आपल्या राईस मिलच्या मागच्या गोदामात ठेवलं. दोनच माणसं बसतात असं लहानसं. हे मोनानं तुले सांगितलं की नाही, मले माहीत नाही; तुमच्यात बोलणं होतं का हेच मले कळत नाही. त्या विमानाचे दिवे पुन्हा चालू करायचं काम तिले भेटलं. पंखांच्या टोकाले लाल अन् हिरवा, शेपटीले पांढरा, आणि उतरताना जमिनीवर उजेड पाडायचा एक मोठा. आतली तार म्हणे अर्धी उंदरांनी खाल्ली, उरलेली तडकून गेली. सगळी नवी टाकायची आहे.

काम करते, करू दे. माझं त्याच्यावर काही नाही. पण नागपूरवरून इश्वर सर नावाचा माणूस मोटरसायकलनं येतो. तिचं काम तपासतो म्हणते. दोघं पंखाखाली बॅटरी घेऊन बसलेले असतात. लोक मले विचारतात, "कोण हो तो?" मी काय सांगू?

दुसरी गोष्ट. मागच्या आठवड्यात मी शेतातून आली तर स्वयंपाकघरात काळा धूर. डोळे चरचरले, घसा धरला. मोना गॅसपाशी चिमटा घेऊन उभी. मी म्हटलं, "काय जाळलंस वो?" ती म्हणाली, "काही नाही आई, प्लास्टिकची पन्नी पडली होती." पन्नी कशी जळते ते मले माहीत नाही का? पन्नी जळली तर माणूस चिमटा घेऊन उभा राहत नाही. तोंड पांढरं पडलं होतं तिचं. त्या दिवशी जेवलीही नाही.

तू म्हणाला होतास, नागपूरच्या विमान दुरुस्तीच्या कामावर तिचं भांडण झालं म्हणून ती सोडून आली. तेव्हा मी तिची बाजू घेतली होती. आता वाटते, तूच खरा होतास.

तुझ्या मनात काय आहे ते कळव. बाबांच्या मोबाईलवर सकाळी फोन कर, तेव्हा मोना गोदामात असते.

आई


मोहाडी, २४ नोव्हेंबर

विनोद,

तुझा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत होती, नीट बोलता आलं नाही. "तिच्यावर नजर ठेव" म्हणालास. ठेवली.

डबा द्यायचं निमित्त करून गोदामात गेली. मोना विमानाच्या शेपटीत अर्धी घुसली होती, नुसते पाय दिसत होते. मले पाहून बाहेर आली, पोत्यावर बसायले जागा करून दिली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तार ती तार, त्यात इतकं पाहायचं काय? घरात आहे तीच लावून मोकळं व्हायचं.

तर ती सांगत बसली. खरं सांगू, सांगताना तिचा चेहरा निराळाच होतो. म्हणाली, "आई, बोडीच्या तळ्यातून जवळच्या बांधीले पाणी द्यायचं तर लहान पाट पुरतो. शेवटच्या बांधीपर्यंत पोचवायचं तर पाट रुंद लागतो, नाही तर पाणी मधातच जिरते. तारेचंही तसंच आहे. शेपटीचा दिवा लांब आहे, म्हणून त्याले थोडी जाड तार. मोठा दिवा करंट जास्त ओढतो, त्याले आणखी जाड. पण सगळीच जाड टाकली तर वजन वाढते, आणि विमानात वजन फुकट नाही नेता येत."

"आणि घरातली तार?"

"घरातल्या तारेचं कव्हर जळलं की धूर होतो. घरात आपण बाहेर पळू शकतो. वर कुठं पळणार?"

मले पटलं. पण पटलं म्हणून मी विसरली नाही कायले आली ते.

इश्वर सर आला तशी मी उठली. बाहेर दाराआड चप्पल घालत उभी राहिली आणि कान दिला. तो म्हणाला, "मोना, तू तारेचं पहिलं बंडल हैदराबादवरून येणार म्हणाली होतीस. ते कुठं आहे?"

मोना म्हणाली, "आलंच नाही सर. म्हणून दुसरीकडून मागवलं."

विनोद, ते बंडल आलं होतं. कुरिअरवाल्याकडून मी स्वतः घेतलं, खोक्यावर तू कामाले आहेस त्या दुकानाचा शिक्का होता. तुझ्या हातानं पाठवलेली वस्तू, आणि ही परक्या माणसासमोर म्हणते आलीच नाही! घरी येऊन मी शोधलं. आतल्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं आहे. पांढरी तार. एक टोक कापलेलं.

आता तूच सांग, चोरी नाही तर काय आहे हे? कोणाले विकायची असन. मी तिले अजून काही बोलली नाही. पहिले तुले सांगावं म्हटलं.

आणखी एक. निघताना इश्वर सर माझ्यासोबत फाटकापर्यंत आला. चांगला बोलतो. म्हणाला, "मावशी, विमान दुरुस्तीच्या कोर्सला विनोद आणि मोना दोघंही माझे विद्यार्थी. विनोदचे दोन पेपर राहिले, नाही तर तोही आज ह्या कामात असता." मी म्हटलं, पेपर राहिले? तो तर पास झाला. सर फाटकाची कडी काढायले लागला. मग मी मुद्दामच विचारलं, मोनाचं नागपूरले भांडण कोणाशी झालं? तो म्हणाला, "भांडण? मावशी, तिला नागपूरवाले आजही परत बोलावतात. घरी सासू-सासऱ्यांजवळ राहायचं म्हणून नवऱ्यानं सोडायला लावलं, असं ती सांगते."

आम्ही कधी म्हटलं होतं रे, तिनं काम सोडावं म्हणून? हा माणूस खोटं बोलून राहिला की काय? का बोलन पण? मले ह्याचा उलगडा पाहिजे.

आई


मोहाडी, ३ डिसेंबर

विनोद,

तुझा परवाचा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. जसा झाला तसा लिहिते.

मले वाटलं, बंडलाचं ऐकून तू चिडशील. तू चिडला नाहीस. उलट विचारलंस, "ते बंडल त्या इश्वरनं पाहिलं का?" मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "आई, ते घेऊन तलावात टाक. आजच. मोनाले सांगू नको."

पेपरांचं विचारलं तर म्हणालास, "ते आता काहून काढते?"

मी पोरगा सांगतो म्हणून उठली. बंडल पिशवीत घातलं, वर भाजी टाकली आणि तलावाच्या पाळीवर गेली. बाया कपडे धुवून राहिल्या होत्या म्हणून थोडी बसली. बसली तेव्हा मनात आलं, चांगली तार पाण्यात कायले टाकायची? मोनानं चोरली असती तर तू म्हणाला असतास, जपून ठेव, मी येतो, तिच्यासमोर ठेवतो. चोराचा माल कोणी तलावात टाकायले सांगत नाही. आपला असला तरच सांगते.

हे मनात आलं आणि पिशवी छातीशी धरून मी उठली. बाया विचारायले लागल्या, "काकू, काय झालं?"

परत आली. मोना गोदामात होती. तिच्या टेबलावरून नव्या तारेचा एक तुकडा मी सकाळीच उचलून आणला होता. तुले पाठवायचा म्हणून, हे कबूल करते. दोन्ही तारा शेजारी ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या. दोन्हीवर इंग्रजीत बारीक छापलेलं, तेच आकडे, तेच अक्षर. तुझ्या तारेवर नख फिरवलं, अक्षर निघून आलं. दुसरीवरचं निघालं नाही.

मग गॅस पेटवला. मोनाची तार आचेत धरली. काळी पडली, बाहेर काढली की विझली. तुझी धरली. पेटली, बाहेर काढली तरी पेटतच राहिली, जळते थेंब ओट्यावर पडले. तोच धूर, तोच घसा. मी चिमटा टाकून दिला आणि खाली बसली.

तशीच बसलेली असताना मोना आली. वास आला असन तिले दारातच. ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पन्नी नव्हती ना ती?"

तिनं पहिले गॅस बंद केला.

"हे विनोदनं पाठवलं. माहीत असून पाठवलं?"

"मले नाही माहीत, आई."

"विचारलं नाहीस?"

तेव्हा ती रडली. लग्न होऊन आल्यापासून तिले रडताना मी पाहिली नव्हती. म्हणाली, "त्याचा धंदा होईन म्हणून मीच त्याच्या दुकानातून मागवली. आली तर हातात घेताच शंका आली. तार खरवडून पाहिली. खऱ्या तारेले वरून कथिलाचा पातळ थर असतो, आत लालभडक तांबं निघते. ह्यात आतही पांढरंच, ॲल्युमिनियम. मग जाळून पाहिली. त्याले फोन केला. तो म्हणाला, 'दिवेच तर आहेत, इंजिन थोडीच आहे. कोण जाळून पाहते?' मी म्हटलं, पंखात ही तार पेट्रोलच्या टाकीजवळून जाते. आणखी कोणाकोणाले दिली ते सांग. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून माझा उचलत नाही."

विनोद, मी समजत होती, तीच तुले फोन करत नाही.

"मग सरले सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सरले कळलं तर त्यांले वर सरकारी खात्याले कळवावंच लागते. मग विनोदचं काय होईन? तुमचं काय होईन? मी आपल्या विमानात नाही टाकली. पण दुसऱ्यांनी टाकली असन तर? मले झोप नाही लागत, आई."

माझ्या घरात एक बाई हे पोटात घेऊन फिरून राहिली होती, आणि मी दाराआड उभी राहून तिच्यावर कान देऊन राहिली होती.

मोना म्हणते, थोडे दिवस थांबा, मी त्याच्याशी बोलून पाहते. मी थांबते. तू तिचा फोन उचल. दुसरं काही करू नको, फक्त कोणाले विकली त्यांची नावं सांग.

बंडल तलावात नाही. माझ्याजवळ आहे.

आई


मोहाडी, ११ डिसेंबर

विनोद,

तू तिचा फोन उचलला नाहीस. म्हणून मी केला. बाबांसमोर केला; त्यांले सगळं सांगितलं. ते फक्त स्पीकर लाव म्हणाले.

मी एवढंच विचारलं, आणखी कोणाले विकली? तू म्हणालास, "आई, तुले ह्यातलं समजत नाही. सगळेच विकतात. अशी तार टाकून किती विमानं उडून राहिली, कुठं काय झालं?"

मी पुन्हा विचारलं, कोणाले?

तू म्हणालास, "तू माझी आई आहेस की तिची?"

आणि ठेवून दिलास. बाबा उठून गोठ्यात गेले ते जेवायलेच आले. जेवताना म्हणाले, "त्यानं 'नाही, मले माहीत नव्हतं' एवढं म्हटलं असतं, तरी मी मानलं असतं." तू तसं म्हटलंच नाहीस. मीही त्याचीच वाट पाहून राहिली होती.

मग मी विचार केला. हे विमान तर वाचलं. पण ज्यांनी तुझ्या दुकानातून नेली त्यांच्याकडे मोना नाही. कोणाचं पोरगं विमान चालवणं शिकायले बसत असन त्यात. त्याच्या आईले कोण सांगन?

काल इश्वर सर आला. मोना पंखावर होती. मी आणि बाबा दोघं गेलो. मी पिशवीतून बंडल काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं अक्षरावर नख फिरवलं, चाकूनं टोक खरवडलं, आणि मान खाली घातली. "कुठून आलं?"

"माझ्या पोरानं पाठवलं."

मोना वरूनच ओरडली, "आई!" खाली येता येता तिचा पाय घसरला, बाबांनी धरली.

सर म्हणाला, "मावशी, हे मला वर कळवावं लागेल. त्याच्यावर चौकशी बसेल. समजतंय ना?"

मी म्हटलं, "समजते म्हणूनच आणलं. पण कळवायच्या पहिले त्याले एक फोन करा. नावं त्यानं स्वतः सांगितली तर बरं. माझं नाही ऐकलं, तुमचं ऐकन कदाचित."

त्यानं मोनाकडे पाहिलं. "तू मला आलंच नाही म्हणालीस." ती म्हणाली, "हो सर." त्यानं तिचं त्या दिवशीचं काम न पाहताच बंडल उचललं आणि निघाला; ते तिले लागलं.

मोना कालपासून माझ्याशी बोलत नाही. जेवण करते, वाढते, पण बोलत नाही. तिचं म्हणणं, सांगायचं तर ते तिनं सांगायचं होतं. मी तिच्या हातातून घेतलं. खरं असन. पण मी आणखी थांबू शकत नव्हती. पोरगा माझा आहे, म्हणून सांगायचंही मलेच होतं.

तू माझ्यावर राग धरशील. धर. तू विचारलं होतंस ना, कोणाची आई? तुझीच आहे. दुसऱ्या कोणाच्या पोरानं केलं असतं तर मी पिशवी घेऊन गेली नसती, घरीच बसून नावं ठेवली असती.

आई


मोहाडी, ८ जानेवारी २०२५

विनोद,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच तू मले पत्र लिहिलंस. दोनदा वाचलं, एकदा बाबांले वाचून दाखवलं.

तू लिहितोस, सासू-सुनेनं मिळून मले बुडवलं. तेवढ्याखालीच लिहितोस, घरी येऊ का. म्हणून पहिल्या वाक्याचं मी काही धरत नाही.

इश्वर सरले तू नावं दिलीस हे त्यानं आम्हाले सांगितलं. तिघांची दिलीस. दोघांकडे तार तशीच पडून होती. तिसरीकडं, दक्षिणेत विमान चालवायले शिकवतात अशा ठिकाणी, एका विमानाच्या पंखात टाकूनही झाली होती. ते विमान त्यांनी उभं करून ठेवलं, सगळी तार ओढून काढली. एका जोडापाशी कव्हर वितळायले लागलं होतं म्हणे. पोरं रोज त्यात बसत होती. सर सांगत होता तेव्हा मोनानं दाराची चौकट धरली होती. तूही हे वाचून नुसता बसून राहा थोडा वेळ.

तुझं काम गेलं हे कळलं. मालक म्हणतो त्याले माहीत नव्हतं, तू म्हणतोस त्यालेच पहिले माहीत होतं. चौकशीत निघन ते निघन. तू पत्रात लिहिलंस, "मले अंदाज होता, पण मी पाहिलं नाही." एवढं तरी लिहिलंस. पेपरांचंही लिहिलंस. पास झालो असं खोटं सांगितलं, मग मोना पास झाली तेव्हा घरात तिच्यासमोर बसवेना, म्हणून तिले इथं आणून ठेवलं आणि स्वतः तिकडे गेलास. मुला, नापास झालेले लोक आमच्या घराण्यात पोतंभर आहेत. तुझे बाबाही आहेत. तू सांगितलं असतंस तर ते हसले असते आणि विसरले असते.

मागच्या शनिवारी विमानाचे दिवे लावून पाहिले. दिवेलागणीची वेळ होती. मिलचे मजूर, तुलाराम शेठची माणसं, बाबा, मी, सगळे गोदामात. मोना आत बसली होती, सर शेपटीकडे. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलत होती. मी आपली बाजूले भिंतीपाशी उभी. तर आतून तिचा आवाज आला, "आई, उजव्या पंखाचा हिरवा लागला का पहा. मले इथून दिसत नाही."

मी पुढं गेली. पंखाच्या टोकाले मुठीएवढा हिरवा दिवा लागला होता. मी म्हटलं, "लागला." तिनं विचारलं, "थरथरते का?" मी म्हटलं, "नाही. स्थिर आहे." मग लाल. मग शेपटीचा. मोठा लावला तेव्हा समोरच्या भिंतीवर एवढा उजेड पडला की कोंड्याची पोती मोजता आली असती. बाबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मागून सगळ्यांनी. सरनं तारेचा एकेक जोड हातानं ओढून पाहिला आणि मग सही केली. दुसऱ्या दिवशी पंख सोडवून ट्रकवर गेलं विमान. गोदाम पुन्हा रिकामं झालं.

दिवे लावले त्या शनिवारी आम्ही दोघी पायीच घरी आलो. रस्त्यात मी म्हटलं, दाराआड उभी राहून मी तुझ्यावर कान देत होती, तुझ्या नवऱ्याले पत्रं लिहीत होती. ती म्हणाली, "माहीत होतं. पिशवीत भाजी कमी आणि कागद जास्त असायचे." आणि हसली. हसली म्हणून मी रडली, रस्त्यावरच.

आता तुझ्या विचारण्याचं. तू लिहितोस, "आई, मी येईपर्यंत मोनाले थांबव."

थांबवणार नाही. नागपूरवरून तिले परत बोलावणं आलं, तिनं हो म्हटलं. संक्रांत झाली की जाते. खोलीही पाहून आली. बाबा सोबत गेले होते. तिचं सामान मी बांधून देऊन राहिली. ती तुझ्यासोबत राहीन की नाही हे तिनं मले सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तुले विचारायचं असन तर तिथं जाऊन विचार, तिच्या दारात उभा राहून. माझ्याकडून निरोप नको. मी ह्यापुढं कोणाचा निरोप नेणार नाही.

आणि तू ये. येऊ का म्हणून विचारायले तू पाहुणा नाहीस. बाबा स्टेशनवर येतील. पहिले काही दिवस ते बोलणार नाहीत, तू घाबरू नको, त्यांच्यासोबत शेतावर जा. नव्या तांदळाचा भात करीन, पोटभर जेव. मग मी विचारीन, पहिल्यापासून. तू सांगशील ते सगळं ऐकून घेईन.

पण ते खरं धरीन, ते मोनाले विचारूनच.

तुझी आई,
रुखमिणी